ग्रंथालय आणि संगणक विभागाचे धोरण ठरवताना कोणाला, काय आणि कुठे विचारावे

आपल्या विद्यापीठात ग्रंथालय व संगणक सेवांचे पुढील पाच वर्षांचे धोरण ठरवायचे आहे, त्यासाठी सर्वांना गूगल फॉर्म पाठवला, पण मोजकीच उत्तरे आली आणि त्यांतही बहुतेकांनी ‘वाय-फाय सुधारा’ एवढेच लिहिले, आता पुढे काय करावे, असे आपण विचारले आहे. मुंबईतल्या एका संस्थेच्या ग्रंथालयात मी बरीच वर्षे काम केले आणि अशा दोन समित्यांवर होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या समितीत आम्हीही ‘भविष्यात कोणत्या डिजिटल सेवा हव्यात?’ असेच विचारले होते. जी सेवा कधी पाहिलीच नाही, ती कोणी मागणार कशी? दुसऱ्या वेळी ‘गेल्या महिन्यात संदर्भ शोधताना कुठे अडलात आणि मग काय केलेत?’ एवढेच विचारले, तेही समोर बसून. बदलापूरहून येणारी एक संशोधक विद्यार्थिनी म्हणाली की रात्री घरी जर्नल उघडले की पैसे मागणारे पान येते, म्हणून ती लेखांची नावे वहीत टिपून ठेवते आणि शनिवारी संस्थेत येऊन सगळे एकदम उतरवून घेते. घरून लॉगिन करण्याची सोय आमच्याकडे तेव्हा दोन वर्षे सुरू होती! फॉर्ममध्ये हीच मुलगी ‘अधिक जर्नल्स हवीत’ असे लिहून मोकळी झाली असती.

जर्नल्सच्या मागणीचे स्वरूपही आता बदलले आहे. सरकारने एकत्रित वर्गणी भरून संस्थांना जर्नल्स वाचायला द्यायची, अशा ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि जवळपास १३,००० जर्नल्स असा तिचा आवाका आहे. मात्र ती केंद्र व राज्य सरकारच्या संस्थांसाठी आखलेली आहे. तेव्हा संलग्न विनाअनुदानित महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांचे काय, हा प्रश्न त्यांच्याकडे जाऊनच विचारावा लागेल. मुंबई विद्यापीठाचेच पाहा, त्याची महाविद्यालये थेट सिंधुदुर्गापर्यंत आहेत. कालिन्यातल्या विद्यापीठाच्या आवारात बैठक बोलावून तिथली अडचण कळत नाही.

मराठी विभागाला संगणक विभागासोबत एका टेबलावर बसवा, हे मी आग्रहाने सांगेन. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांमुळे पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या देशव्यापी ऑनलाइन संग्रहावर, जातात, पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मराठी प्रबंध पडद्यावर नीट दिसला, तरी त्याच्या मजकुरात ‘शेतकरी’ शोधले तर काहीच सापडत नाही, कारण आत साठलेली अक्षरे मराठी नसतातच. संगणक विभागाच्या लेखी फाइल चढली की काम संपले; अभ्यासकाच्या लेखी ती असून नसल्यासारखी.

ग्रंथालय परिचरांना तर कोणी विचारतच नाही. काउंटरवर एक साधी वही ठेवून ‘मागितले पण मिळाले नाही’ ते महिनाभर लिहायला सांगा. आमच्या दुसऱ्या समितीला सर्वाधिक उपयोग त्या वहीचा झाला.

मसुदा तयार झाला की कोणती सूचना घेतली, कोणती नाही आणि का नाही, याचा तक्ता सर्वांना पाठवा. पहिल्या वेळी आम्ही तो पाठवला नव्हता आणि पुढच्या बैठकीला निम्मी माणसे फिरकली नाहीत. वेळापत्रक आखताना परीक्षा आणि मे महिन्याची सुट्टी टाळालच, पण गणपतीही टाळा. त्या दिवसांत कोकणातल्या महाविद्यालयांत आपल्याला कोणी भेटणार नाही.