खड्ड्याशेजारची नोकरी

प्रश्न : मुलगी अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत मानवशास्त्र शिकते. उन्हाळ्यात कॅम्पसवर फुटपाथ, पाइप यांची खोदाई चालते, तिथे पुरातत्त्वाच्या बाजूने लक्ष ठेवायचं काम तिला मिळतंय. खड्ड्याशेजारी उभं राहून कसलं करिअर? – एक आई, सातारा

ताई, घेऊ द्या तिला हे काम. याच कॅम्पसवर २०२३ मध्ये हॅमॉकचे (दोरीच्या झोळीचे) खांब रोवताना कामगारांना खाली काहीतरी टणक लागलं. तो निघाला १८८१ च्या वेधशाळेचा पाया! मोठ्या इमारतीच्या वेळी सगळेच सावध असतात, निसटतं ते अशा किरकोळ खड्ड्यांतून.

नुसतं उभं राहून भागत नाही. जुनं काँक्रीट उचललं की नवी खडी पडेपर्यंत थोडाच वेळ हाती असतो. तेवढ्यात चराची कड खुरप्याने तासायची, ओलसर मातीचा रंग मन्सेल तक्त्याशी (मातीच्या रंगांच्या प्रमाणित नमुन्यांशी) ताडायचा, मोजपट्टी ठेवून फोटो घ्यायचे, संशयास्पद माती पाव इंची जाळीतून चाळायची. नवखे हमखास फसतात ते जुन्या पाइपच्या भरावात: वीट, काच, बशीचे तुकडे दिसतात, पण ते कुठून तरी ढकललेले असतात. खोदाई यंत्राच्या दातेरी बकेटने कड फाटते, म्हणून सपाट धारेचं बकेट मागावं लागतं, तेही ऑपरेटरला न दुखावता. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते वेळापत्रक बदलून कोणी कळवलं नाही की. म्हणून ठेकेदाराच्या बैठकांना तिने न चुकता बसावं.

आता पोटापाण्याचं. पदवी आणि फील्ड स्कूल (प्रत्यक्ष उत्खननाचं प्रशिक्षण) एवढ्यावर खासगी सर्वेक्षण कंपन्यांत फील्ड टेक्निशियन होता येतं. तिथल्या केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना असलेल्या प्रकल्पांना १९६६ च्या वारसा कायद्याने पुरातन अवशेषांचा विचार करावाच लागतो, त्यामुळे मागणी आहे. पण काम प्रकल्पागणिक, फिरतीचं. मिशिगनमध्ये हिवाळ्यात जमीनच गोठते. पर्यवेक्षक व्हायचं तर मास्टर्स लागते, आणि अहवाल लिहिता यावा लागतो. या उन्हाळ्यात निदान एक अहवाल स्वतः लिहायला मागावा. खापरं सापडण्यापेक्षा तो पुढे जास्त उपयोगी पडेल.

व्हिसा एफ-१ (विद्यार्थ्यांचा) असेल तर कॅम्पसवरचं काम सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत, सुट्टीत पूर्णवेळ चालतं. बाहेरच्या कंपनीत शिकता शिकता काम करायचं झालं तर सीपीटीची (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करायच्या कामाची) मंजुरी आधी हवी. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारल्याशिवाय तिने होकार देऊ नये.