आमच्या प्लॉटधारक सोसायटीच्या तलावाच्या बांधाखाली ओल दिसते. पावसाळ्यात तिथे बोटिंग चालू ठेवणे सुरक्षित आहे का?

तुम्ही लिहिले आहे की तलाव मुळशीकडे आहे, बांध मातीचा आणि अंदाजे सात मीटर उंच आहे, आणि समितीचे म्हणणे असे की "एवढ्याशा तळ्याला काय होणार आहे". या शेवटच्या वाक्यासाठी मी हे उत्तर लिहीत आहे. बोटिंगचे नंतर पाहू, आधी बांधाचे बोलू.

मातीच्या बांधातून थोडे पाणी पाझरतेच, त्यामुळे केवळ ओल दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ती कुठे आहे आणि तिथले पाणी कसे आहे, हे महत्त्वाचे. पायथ्याशी स्वच्छ पाणी झिरपत असेल आणि तलावाची पातळी उतरली की तेही कमी होत असेल, तर नोंद ठेवत राहावे. पाणी गढूळ असेल, बाटलीत भरून ठेवल्यावर तळाशी माती बसत असेल, तर बांध आतून पोखरला जात आहे, आणि अशा वेळी पुढच्या सभेची वाट पाहायची नसते. ओल पायथ्याऐवजी उताराच्या मध्यावर असेल तर तीही वाईट. सर्वांत वाईट म्हणजे पाणी सोडण्याचा पाइप बांधाखालून जिथून जातो, त्याच रेषेत असलेली ओल, कारण पाइपच्या कडेने माती कधीच नीट दाबली जात नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले तेही विमोचकावरचाच, म्हणजे पाणी सोडण्याच्या मार्गावरचाच, भराव खचत गेल्यामुळे. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचूनही तो वाचला नाही. त्याच दिवशी खाली खडकवासल्याचे दगडी धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांबरोबर आमचे नारायण पेठेतले घरही पाण्याखाली गेले. धरण मोठे होते, पण दोष ज्या जागी होता ती जागा तुमच्या बांधातही आहे.

माझी उभी नोकरी लघुपाटबंधाऱ्यांच्या कामांवर झाली. निवृत्तीनंतर पौडच्या पुढे एका अशाच सोसायटीत मी प्लॉट घेतला. तिथला बांध मूळ जमीनमालकाने शेतीसाठी घातलेला, मुरुमाचा, आणि एका कडेला खडकात कोरलेला सांडवा, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याची वाट. विक्रीच्या जाहिरातीत त्या पाण्याला "लेक" म्हटले होते. नंतर दोन बोटी आल्या, एक धक्का आला, आणि तळे मे महिन्यापर्यंत काठोकाठ भरलेले दिसले पाहिजे अशी मागणी सुरू झाली. एका वर्षी गणपतीनंतर पाऊस ओसरला असे समजून समितीने सांडव्याच्या उंबऱ्यावर वाळूची पोती रचली, म्हणजे शेवटचे पाणी वाहून न जाता तळ्यात राहील. पाठोपाठ मासे निसटू नयेत म्हणून पोत्यांच्या पुढे लोखंडी जाळीही बसवली. जाळीत पालापाचोळा अडकून चार दिवसांत तिची भिंत झाली.

मी वार्षिक सर्वसाधारण सभेत उभा राहून याला विरोध केला. सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, तुम्ही आयुष्यभर धरणांवर काम केलंत म्हणून तुम्हाला सगळीकडे धरणच दिसतं. फक्त अर्धा मीटर पाणी वाढवलंय." तेव्हा जे मला पूर्ण सांगू दिले नाही, ते इथे सांगतो. सांडव्यावरून जाणारे पाणी हे उंबऱ्यावरच्या पाण्याच्या खोलीच्या दीड घाताच्या प्रमाणात असते. सांडवा दहा मीटर रुंद आणि उंबऱ्यापासून बांधाच्या माथ्यापर्यंतचे अंतर एक मीटर असेल, तर पाणी माथ्याला टेकेपर्यंत त्यातून सेकंदाला साधारण १७ घनमीटर पाणी निघून जाऊ शकते. उंबऱ्यावर अर्धा मीटर पोती रचली की तोच आकडा ६ घनमीटरवर येतो. अर्धी उंची अडवली म्हणून क्षमता अर्धी होत नाही, ती जवळपास एक तृतीयांश उरते, आणि जाळीने अडवलेला भाग यातून आणखी वजा करायचा.

परतीचा पाऊस एका संध्याकाळी डोंगरावर कोसळला. रात्री बांधाखालच्या वस्तीतून मला फोन आला, कारण माझा नंबर मी त्यांना आधीच देऊन ठेवला होता: "साहेब, पाणी माथ्याला लागलंय, पोती काढू का?" मी काढा म्हणालो. वस्तीतल्या माणसांनी कमरेला दोर बांधून, टिकाव आणि पहारींनी जाळी उखडली आणि पोती फोडली. तोवर माथ्यावर जिथे मोटारसायकलींच्या येण्याजाण्याने जमीन बसली होती, तिथून पाणी पलीकडे उतरू लागले होते. सकाळी मी गेलो तेव्हा कोरड्या बाजूच्या उतारावर माणूस उभा राहील एवढी घळ पडलेली होती. आणखी काही वेळ तसेच चालले असते तर ती घळ मागे सरकत तळ्यापर्यंत पोहोचली असती, आणि त्यानंतर मातीचा बांध थांबवता येत नाही.

समितीने पुढच्या बैठकीत घळ बुजवण्याचा खर्च मंजूर केला आणि इतिवृत्तात "अतिवृष्टीमुळे झालेले नुकसान" असे लिहिले. पोत्यांचा उल्लेख नाही, जाळीचा नाही, माझ्या विरोधाचा नाही, आणि ज्यांनी तो बांध वाचवला त्या माणसांचाही नाही. याचा राग मला आजही आहे, आणि तो योग्य आहे असे मी मानतो. पाऊस दरवर्षी पडतो. सांडवा माणसांनी बंद केला होता.

त्याच बैठकीत एका सभासदाने लोणावळ्याच्या भुशी धरणाचे उदाहरण दिले होते: तिथे तर पाणी वरूनच वाहते आणि लोक पायऱ्यांवर बसतात. तुमच्याकडेही कोणी ना कोणी हे म्हणेल, म्हणून सांगून ठेवतो. भुशीचे धरण रेल्वेने बांधलेले आणि दगडी आहे, पाणी अंगावरून वाहून जावे अशीच त्याची रचना आहे. मातीच्या बांधावरून पाणी एकदाही वाहता कामा नये. दुसरा युक्तिवाद असा येतो की धोका असता तर सरकारी तपासणी झाली असती. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो, आणि १० ते १५ मीटरमधल्या धरणांना त्यांची लांबी, साठा, विसर्ग अशा काही अटींवर. सात मीटरचा बांध त्याच्या कक्षेत येत नाही. त्या कायद्याखाली तुमच्याकडे कोणीही येणार नाही. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर बांध तुम्हालाच चालून पाहावा लागेल, आणि तोही कोरड्या बाजूने, कारण धक्क्यावर उभे राहून पाण्याकडे पाहिल्याने बांधाबद्दल काहीही कळत नाही.

आता बोटिंग. ओलीचे कारण कळेपर्यंत आणि सांडवा वाहत असेपर्यंत बोटी बाहेर काढून ठेवाव्यात. एरवी लाइफ जॅकेट घालून, सांडव्यापासून आणि पाणी सोडण्याच्या विहिरीपासून लांब राहून चालवायला हरकत नाही. तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यात मुलांना खेळू देऊ नका. ३० जून २०२४ रोजी भुशीच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते डोंगरावरून अचानक वाढलेल्या पाण्यामुळे. तळ्यात पोहण्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरीही माझे मत नको असेच आहे, कारण गाळाचा तळ वरून दिसत नाही.

काही गोष्टी मी वर सांगितल्या नाहीत, त्या आवश्यक आहेत. मी तुमचा बांध पाहिलेला नाही, आणि ओल वरच्या एखाद्या झऱ्याची किंवा कोणाच्या फुटलेल्या पाइपलाइनचीही असू शकते. घाबरून तळे एका दिवसात रिकामे करू नका. पाणी झपाट्याने उतरवले की पाण्याकडच्या बाजूचा ओला उतार घसरतो. बांधावर झाडे वाढली असतील तर ती मुळांसकट उपटू नका, त्या पोकळीतून नवी वाट तयार होते. मातीच्या बांधांचा अनुभव असलेल्या स्थापत्य अभियंत्याला जागेवर घेऊन जा. इमारतींचा अनुभव इथे पुरत नाही.

आणि तुमची हरकत तोंडी मांडू नका. सभेच्या आधी ती लेखी द्या, तारीख घाला, सांडव्याचे आणि ओलीचे फोटो जोडा, आणि इतिवृत्तात ती शब्दशः घेतली आहे की नाही हे इतिवृत्त कायम होण्यापूर्वी वाचून पाहा. घेतली नसेल तर दुरुस्ती मागा, आणि त्या पत्राची एकेक प्रत ग्रामपंचायत व तहसील कार्यालयात देऊन दोन्हीकडून पोच घ्या.