शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकातल्या पात्रांचे परस्परसंबंध बी.ए.च्या परीक्षेसाठी कसे अभ्यासावेत?

तुम्ही म्हणताय, प्रत्येकाचं स्वभावचित्र पाठ आहे, पण 'अमुक दोघांमधलं नातं स्पष्ट करा' आलं की पेन थांबतं. थांबणारच. गाईडात माणसं सुटी सुटी ठेवलेली असतात.

मी सोलापुरात शिकवण्या घेतो. मुलांना सांगतो, रुमालाच्या मागे लागा. तो कुणाच्या हातून कुणाकडे गेला आणि त्या वेळी कोण काय बोललं, एवढंच वहीत उतरवा.

सेनापती ऑथेल्लोचं डोकं दुखतंय म्हणून त्याची बायको डेस्डिमोना रुमाल बांधायला जाते, तो नको म्हणतो आणि रुमाल खाली पडतो. तो उचलते तिची दासी एमिलिया. नवऱ्याने, म्हणजे इयागोने, तो चोरायला तिच्या शंभरदा विनवण्या केलेल्या असतात. तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश काढा आणि या दोघांचे संवाद सावकाश वाचा. ती विचारते, कशाला हवाय? तो रुमाल हिसकावून घेतो, तुला काय करायचंय! ती म्हणते, तसं महत्त्वाचं काम नसेल तर परत द्या, बाईसाहेबांना वेड लागेल. तो तिला सरळ जायला सांगतो. त्यांचा संसार कसा चाललाय ते या पाच-सहा वाक्यांत कळतं.

पुढच्याच प्रवेशात डेस्डिमोना विचारते, रुमाल कुठे गेला असेल गं? एमिलिया म्हणते, मला नाही ठाऊक. माझ्या मते नाटक इथे फिरतं. ऑथेल्लोच्या मनात बायकोबद्दल संशय पेरणाऱ्या इयागोच्या कपटावर सगळेच पानं भरतात. तुम्ही या गप्प बसण्यावर लिहा. शेवटच्या अंकात तीच एमिलिया नवऱ्याच्या तोंडावर खरं बोलते आणि त्याच्या हातून मरते. दोन्ही जागा शेजारी ठेवल्या की उत्तर तयार.

आता ऑथेल्लो. रुमाल मागताना तो बायकोला सांगतो, हा एका इजिप्शियन बाईने माझ्या आईला दिला, याच्या विणीत जादू आहे, रेशीम पवित्र किड्यांचं. शेवटच्या अंकात तोच म्हणतो, वडिलांनी आईला दिला होता. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी यंत्रमाग असलेल्या एका विद्यार्थिनीने हे वाचून विचारलं, "सर, हा बायकोला धाक घालायला थापा मारतोय का?" टीकाकारांचंही यावर एकमत नाही. परीक्षेत दोन्ही बाजू मांडा.

ऑथेल्लोच्या हाताखालचा अधिकारी कॅशियो आणि त्याची मैत्रीण बियांका यांच्यावर फार वेळ घालवू नका. इयागो रुमाल कॅशियोच्या खोलीत टाकतो. नक्षी उतरवून दे म्हणून कॅशियो तिला तो देतो आणि सेनापतीने आपल्याला तिच्यासोबत बघू नये म्हणून लगेच तिला वाटेलाही लावतो. एवढं पुरे. बापलेकीसाठी मात्र पहिल्या अंकातलं डेस्डिमोनाच्या बापाचं, ब्राबान्शियोचं, ऑथेल्लोला उद्देशून असलेलं वाक्य लक्षात ठेवा: हिने बापाला फसवलं, तुलाही फसवेल. पुढे इयागो हेच ऑथेल्लोच्या कानात घालतो.

मराठीतून तुलना हवी असेल तर देवलांच्या 'झुंझारराव'पेक्षा (तो याच नाटकावरून केलेला) मी गडकऱ्यांचं 'एकच प्याला' सुचवेन. मरताना सिंधू खोटं बोलून नवऱ्याला, सुधाकरला, वाचवू पाहते. ऑथेल्लोच्या हातून मरणारी डेस्डिमोनाही, कुणी मारलं असं विचारल्यावर, कुणी नाही, मीच, असं सांगून जाते. सिंधूवर घरी आजीशी बोला, डेस्डिमोनावर आपोआप लिहिता येईल.

आणि गाईड लगेच रद्दीत घालू नका. अंक-प्रवेशांचे आकडे त्यातच पटकन सापडतात.