१ नोव्हेंबरची सायकल फेरी

प्रश्न असा आहे: परदेशात शिकत असताना मित्राबरोबर केलेली एखादी छोटी सहल सांगा, आणि तिकडं जाणाऱ्यानं काय बघावं? विचारणारे स्वतः पुढच्या वर्षी जर्मनीला निघालेत असं दिसतंय.

मी बेळगाव तालुक्यातल्या उचगावचा. आता उद्यमबागेत नोकरी करतो, पण मध्ये दोन वर्षं आखेनला शिकायला होतो. आखेन म्हणजे जर्मनीचं पार पश्चिमेचं टोक. सायकलवर टांग मारून अर्धा तास पश्चिमेला गेलं की नेदरलँड्स, नैर्ऋत्येला वळलं की बेल्जियम. उचगावातून शिनोळीला जावं आणि महाराष्ट्र लागावा, जवळपास तेवढाच परदेश.

आखेनमधलं बघण्यासारखं पटकन सांगतो. शार्लमेन राजा ८१४ मध्ये वारला, त्याला जिथं पुरलं ते कॅथेड्रल. युनेस्कोची पहिली यादी १९७८ मध्ये निघाली, तीत ते होतं. जुना भाग अष्टकोनी आहे, मान वर करून उभं राहायचं. गावात गरम पाण्याचे झरे आहेत, पाण्याला सडक्या अंड्याचा वास. आणि प्रिंटेन नावाची मसालेदार बिस्किटं, ती चहात बुडवल्याशिवाय खाऊ नका, दात तुमचे आहेत. झालं आखेन.

सहल २०१८ ची. माझ्या वर्गात एक मुलगा होता गोकाकचा, कन्नड. दोघं एकाच जिल्ह्यातले आणि ओळख झाली आखेनच्या कँटीनमध्ये. तो मला 'मालक' म्हणायचा, त्यांच्या गोकाककडं सगळेच सगळ्यांना म्हणतात. मी त्याला 'गोकाक'. आता आमच्या घरी गोकाक हा शब्द गावापेक्षा अहवालाच्या नावानं जास्त ऐकलेला. विनायक कृष्ण गोकाक यांच्या समितीनं शाळेत कन्नड पहिली भाषा करा असं सुचवलं, त्यावरून १९८२ मध्ये कर्नाटकात मोठी चळवळ झाली. आणि इकडं १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला. हिंडलग्याला त्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, आज्जा दर १ जूनला न चुकता जायचे. हे सगळं मी त्याला पहिल्या सहा महिन्यांत कधी सांगितलं नाही. बोलायचो काय, तर मिठाईत गोकाकचा करदंट मोठा की बेळगावचा कुंदा मोठा. त्याची आई डिंक-गूळ घातलेला करदंट डबे भरून पाठवायची आणि तो महिनोन्‌महिने टिकायचा. माझा कुंदा विमानात टिकत नाही, त्यामुळं वाद तो जिंकायचा.

१ नोव्हेंबरला तिथं ऑल सेंट्सची सुट्टी असते. गुरुवार होता. दोघांकडं जुन्या बाजारात घेतलेल्या सायकली होत्या, म्हटलं तीन देश एका दिवसात करू. तारीख माझ्या लक्षात होती. त्याच्याही असणार. पण कोणी काढली नाही. तुम्ही सीमाभागाबाहेरचे असाल तर सांगतो: १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. तो दिवस कर्नाटकात राज्योत्सव, आणि आम्हा मराठी लोकांचा काळा दिवस. दंडाला काळी फीत बांधून बेळगावात निषेधाची सायकल फेरी निघते. बाबा लग्नाआधीपासून त्या फेरीला जातात.

आधी वाल्स, म्हणजे नेदरलँड्सचं गाव. डचांना त्या दिवशी सुट्टी नसते, त्यामुळं अख्खं आखेन खरेदीला तिकडं लोटलेलं. त्या गर्दीतून वर चढलो. टेकडी ३२२ मीटर, आणि ती म्हणे नेदरलँड्सच्या युरोपातल्या जमिनीवरची सगळ्यात उंच जागा! आमचा बेळगावचा खडेबाजार साडेसातशे मीटरवर आहे. तरी दम लागला, खोटं कशाला बोलू.

वर काय आहे? एक दगडी खांब, जमिनीवर आखलेल्या रेषा, बटाट्याच्या काड्या विकणारी दुकानं, मुलांसाठी झाडांचा चक्रव्यूह आणि बेल्जियमच्या हद्दीत लिफ्टचा मनोरा. लोक एक पाय या देशात, एक त्या देशात ठेवून फोटो काढत होते. गोकाक खांबाभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, "इष्टेना?" म्हणजे, एवढंच? त्याला निदान एक चौकी, एक पोलीस आणि एक खाली-वर होणारा बांबू तरी हवा होता. आपल्याकडं तणाव झाला की एसटी सीमेवर थांबते, माणसं बोचकी घेऊन चालत पलीकडं जातात. इथं मोबाइल दहा मिनिटांत तीन देशांचं स्वागत सांगत होता आणि कुत्रं कुठल्या देशात पाय वर करतंय हे कोणी बघत नव्हतं.

बघण्यासारखी गोष्ट खरं तर त्या रस्त्याचं नाव. वाल्समधून वर येणाऱ्या रस्त्याला 'चार सीमांचा रस्ता' म्हणतात. देश तीन, सीमा चार कशा? पाटीवर वाचलं आणि आम्ही तिथंच बसलो. १८१५ मध्ये नेपोलियन हरल्यावर प्रशिया, म्हणजे तेव्हाचं एक जर्मन राज्य, आणि नेदरलँड्स यांच्यात नकाशा वाटायचं चाललं होतं. केल्मिस गावात जस्ताची मोठी खाण होती, ती दोघांनाही पाहिजे. कोणी सोडेना. शेवटी १८१६ मध्ये आखेनला करार झाला: साडेतीन चौरस किलोमीटरचा तो तुकडा कोणाचाच नाही, दोघांनी मिळून बघायचा. नाव तटस्थ मोरेसने. त्याचं निमुळतं टोक या खांबापर्यंत यायचं, म्हणून चौथी सीमा. पुढं १८३० मध्ये बेल्जियम वेगळा झाला आणि डचांच्या जागी तो आला. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय शंभर वर्षं चालली. सुरुवातीला अडीचशे माणसं होती, कर कमी म्हणून साडेचार हजारांवर गेली. खाण १८८५ मध्ये संपली, भांडण मात्र शिल्लक. १९०८ मध्ये तर काही जणांनी तिथं एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या भाषेचं राज्य काढायचं ठरवलं होतं, म्हणजे कोणाचीच मातृभाषा नको! अखेर पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, तो तुकडा बेल्जियमला मिळाला.

"दोन सरकारांचे दोन कमिशनर," गोकाक हिशेब करत म्हणाला. "म्हणजे एका उताऱ्याला दोन ठिकाणी चहापाणी."

मग पहिल्यांदा आम्ही आमचं बोललो. सीमावादावर महाजन आयोग १९६६ मध्ये बसला, दुसऱ्या वर्षी अहवाल आला, २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हणाला आणि महाराष्ट्रानं तो नाकारला, हे मला तोंडपाठ. त्याला आकडा माहीत नव्हता, पण अहवाल कर्नाटकानं मान्य केला होता एवढं पक्कं ठाऊक. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे हे दोघांनाही माहीत. त्यापुढं काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. करदंट खाल्ला.

उतरताना बेल्जियममध्ये गेलो. खाली ओढ्याएवढी नदी आहे. जर्मन, फ्रेंच, डच, प्रत्येक भाषेत नाव वेगळं लिहितात, पण ऐकलं तर जवळजवळ एकच. मी म्हटलं, आमच्याकडं मार्कंडेय आहे. तो म्हणाला, "कुठली मार्कंडेय? ती तर आमची, गोडचिनमलकीच्या धबधब्याची." बेळगावाजवळून वाहत जाऊन ती गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. सहा महिने एका बाकावर बसलो आणि हे कळायला बेल्जियम लागलं.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, युरोपात बघा कसं सगळं शहाण्यासारखं. आम्हालाही तसंच वाटलं होतं. मग वूरन आलं.

वूरन म्हणजे बेल्जियममधली सहा खेडी. फ्रेंचमध्ये फूरों. १९६३ मध्ये भाषेची सीमा ठरवताना ही खेडी फ्रेंचभाषक प्रांतातून काढून डचभाषक प्रांताला जोडली, तिथल्या बहुतेकांना ते नको असताना. पुढं वर्षानुवर्षं मोर्चे, मारामाऱ्या. फ्रेंच बाजूच्या महापौरानं डच येतं हे दाखवायला नकार दिला म्हणून १९८६ मध्ये त्याची नेमणूक रद्द झाली, आणि त्या गोंधळात १९८७ मध्ये देशाचं सरकारच पडलं. हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी दिसली ती फक्त गावाच्या वेशीवरची पाटी: दोन नावं, त्यातलं खालचं काळ्या रंगानं फासलेलं.

दोघंही सायकलवरून उतरलो. गोकाक म्हणाला, "यप्पा!" मी काहीच बोललो नाही. असल्या पाट्या मला लहानपणापासून वाचता येतात.

आणि तिथंच माझं मागचं चाक बसलं. सुट्टीमुळं सगळं बंद. चर्चमागच्या दफनभूमीत लोक कुंड्या घेऊन आले होते, सगळी शेवंती, पिवळी आणि पांढरी. तिकडं त्या दिवशी मेलेल्या माणसांना शेवंती वाहतात. आमच्याकडं दिवाळी सहा दिवसांवर होती. एक म्हातारे शेतकरी कुंडी ठेवून आले, चाक बघितलं आणि गोठ्यातून पाण्याची बादली आणि पंक्चरचं सामान घेऊन आले. आमचं जर्मन मोडकं, त्यांचंही कुठल्याशा बोलीतलं, पण चालून गेलं. भारतातले म्हटल्यावर त्यांनी विचारलं, तुम्ही दोघं एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलता?

आम्ही एकमेकांकडं बघितलं. खरं उत्तर असं की तो माझ्याशी मोडक्या मराठीत बोलायचा, मी त्याच्याशी शाळेतल्या कन्नडमध्ये, आणि भांडण इंग्रजीत. हे जर्मनमध्ये सांगणं आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. गोकाक म्हणाला, "सगळ्या." म्हातारे हसले. मी पाटीकडं बोट दाखवलं, तर त्यांनी हात झटकला आणि ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडा शोधायला लागले. पाटीवर त्यांनी काही बोलायचं टाळलं, आम्हीही पुन्हा विचारलं नाही. ठिगळ गोकाकनं लावलं. त्याच्या मामाचं सायकलीचं दुकान आहे हे मला त्या दिवशी कळलं.

येताना केल्मिसवरून आलो, पण अंधार लवकर पडतो तिकडं, नोव्हेंबरात पाचच्या सुमारास दिवस संपतो. खाणीची जागा बघायची राहिली. तुम्ही गेलात तर क्रम उलटा करा, केल्मिस आधी. सायकलीला दिवा लावा. पासपोर्ट आणि जर्मनीचा राहण्याचा परवाना खिशात ठेवा, आम्हाला कोणी विचारला नाही, पण विचारला तर पाहिजे. सगळं मिळून चाळीस-पन्नास किलोमीटर होतं, चढ-उतार भरपूर आहेत. डबा घरून न्या, सुट्टीच्या दिवशी बेल्जियममध्ये चहासुद्धा मिळाला नाही.

खोलीवर येऊन फोन उघडले. मला बाबांनी फोटो पाठवला होता: काळी फीत, हातात जुनी सायकल, मागं फेरीतली माणसं. त्याला त्याच्या भावानं पाठवला होता: लाल-पिवळे झेंडे आणि चन्नम्मा चौकातली गर्दी. एकच शहर, एकच दिवस. त्यानं माझा फोन घेतला आणि फोटो बोटांनी मोठा केला. मला वाटलं आता काहीतरी बोलणार.

"मालक, चेन किती सैल आहे बघ. उतारावर निसटेल. सांग त्यांना."

मी बाबांना कळवलं. रविवारी त्यांचं उत्तर आलं, केली घट्ट. कोणी सांगितलं ते मी लिहिलं नव्हतं.