जुन्या मारुतीचा फ्युएल पंप आणि पेट्रोलचा काटा: वाचकांच्या शंका

मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये बनायची थांबली, तरी ती जपून ठेवलेली घरं पुष्कळ आहेत, आणि तिथून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे आधी एक सांगतो. कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) गाडीत पंप इंजिनवर असतो, कॅमशाफ्ट या इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या ठोक्याने चालतो आणि त्यात रबरी डायफ्रॅम, म्हणजे पडदा असतो. एमपीएफआयमध्ये, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत, तो विजेवर चालतो आणि टाकीत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तुमची गाडी यातली कुठली, ते प्रश्नातच लिहा.

टाकी फुल्ल केली तरी काटा खालीच. पंप गेला का?

नाही.

मग मेकॅनिक अख्खं मीटर बदलायला सांगतोय. बदलू का?

एवढ्यात नको. टेंपरेचरचा काटाही मेला असेल तर आधी मीटरचा फ्यूज आणि अर्थिंग बघा. फक्त पेट्रोलचाच काटा अडला असेल तर बहुधा टाकीतल्या फ्लोटमध्ये, म्हणजे पेट्रोलची पातळी सांगणाऱ्या तरंगत्या भागात, दोष असतो: फ्लोटला भोक पडून तो बुडतो, किंवा त्याची घासपट्टी झिजते. झिजलेल्या पट्टीवर काटा मधेच उड्या मारतो. ऑटो इलेक्ट्रिशियन ओममीटरने पाच मिनिटांत सांगेल. टाकीजवळ स्वतः तारा टेकवून ठिणगी पाडू नका.

एमपीएफआय आहे. चावी फिरवल्यावर मागून येणारा ‘घूं’ आवाज बंद झालाय.

सेल्फ मारत बसू नका. आधी फ्यूज, रिले, कनेक्टर आणि पंपाची अर्थिंग, त्यानंतर पंप. वीज पोहोचत असूनही पंप गप्प असेल तरच तो बदलायचा. आवाज येतो पण गाडी उचकते, असं असेल तर गेज लावून प्रेशर मोजून घ्या आणि फिल्टर तपासा. बंद काट्याची गाडी अंदाजाने रिझर्व्हवर चालवत होतात का? हा पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. टाकीत तळाशी पेट्रोल ठेवून गाडी हाकली की तो लवकर जळतो.

कार्बोरेटरची गाडी. जुना पंप मिळत नाही म्हणून गॅरेजवाल्याने एमपीएफआयचा इलेक्ट्रिक पंप बसवला. आता गाडीत पेट्रोलचा वास येतो. सवय होईल म्हणतो.

या वासाची सवय करून घ्यायची नसते! गाडी आजच थांबवा. एमपीएफआयचा पंप साधारण तीन बारच्या आसपास दाब देतो, कार्बोरेटरला त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही पुरतो. एवढ्या दाबापुढे कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी नीडल टिकत नाही. पेट्रोल उतू जातं आणि तापलेल्या इंजिनवर पडतं. शिवाय चावीवरून थेट जोडलेला पंप इंजिन बंद पडलं तरी चालूच राहतो. अपघातात पाइप तुटला तर तो पेट्रोल बाहेर ओततच राहील. अशीच एक गाडी माझ्याकडे आली होती, इनटेकखाली ओल पसरलेली, आणि मागे मुलं बसलेली. तो जोड मी त्याच दिवशी काढायला लावला.

जुना डायफ्रॅम फाटला तरी धोका कमी नसतो. पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघा: ऑइलची पातळी वर चढली असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन चालू करू नका. पातळ ऑइल बेअरिंग खातं आणि आतली वाफ पेटू शकते. गाडी टो करून न्या, पंप आणि ऑइल दोन्ही बदला. कमी दाबाचा, कार्बोरेटरसाठीचाच पंप मागा आणि बसवणाऱ्याकडून दाब मोजून दाखवायचा आग्रह धरा.

खंबाटकी चढताना मे महिन्यात गाडी बंद पडते. पंपावर ओला फडका ठेवला की चालते.

म्हणजे पेट्रोलची वाफ होतेय. फडक्याने घाट पार होईल, दुखणं जाणार नाही. पाइप एग्झॉस्टपासून दूर आहे का आणि पंप अशक्त झालाय का, ते दाखवून घ्या.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी एक औषधाची बाटली विकतात. घालू का?

बाटलीने चिरलेलं रबर सांधत नाही. ते पैसे इथेनॉल सोसणाऱ्या नव्या पाइपवर आणि फिल्टरवर घाला. जुन्या टाकीतली घाण सुटून फिल्टर लवकर तुंबतो, तेव्हा महिन्याभरात तो पुन्हा तपासून घ्या.