सेलमचं सेलममध्येच राहू द्या

प्रश्न : आमचा हौशी गट आर्थर मिलरचं ‘द क्रूसिबल’ मराठीत बसवतोय. अमेरिकेतल्या सेलम गावचे १६९२ चे चेटकिणींचे खटले आणि १९५० च्या दशकातली अमेरिकेतली कम्युनिस्टांची शोधमोहीम, हा दुवा कळावा म्हणून मागे त्या मोहिमेचा चेहरा ठरलेल्या सिनेटर मॅकार्थीचे फोटो दाखवावेत का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : नका दाखवू. ‘कीचकवधा’त खाडिलकरांनी व्हाइसरॉय कर्झनचं नावही घेतलं नव्हतं. तरी कीचक कोण हे प्रेक्षकांना कळलं, सरकारलाही कळलं आणि १९१० मध्ये बंदी आली. आपल्या प्रेक्षकाला बोट धरून न्यावं लागत नाही.

दुसरं असं, की फोटो लावला की सगळं पाप एका माणसाच्या माथी जातं. १९५६ मध्ये मिलरला कम्युनिस्टांच्या चौकशीसाठी ज्या समितीने बोलावलं ती मॅकार्थीची नव्हतीच. तो सिनेटर, समिती प्रतिनिधिगृहाची. मिलर स्वतःबद्दल बोलला, दुसऱ्यांची नावं मात्र दिली नाहीत. संसदेच्या अवमानाबद्दल दोषी ठरला, १९५८ मध्ये अपिलात सुटला. नाटक त्याआधीचं, १९५३ चं!

सेलममध्ये कबुली दिली की बहुधा जीव वाचायचा, आणि ती खरी वाटावी म्हणून इतरांची नावं सांगावी लागायची. फासावर गेलेले १९ जण शेवटी ‘आम्ही निर्दोष’ म्हणतच गेले. ऐंशीच्या घरातला गाइल्स कोरी खटल्याला उभाच राहीना, तेव्हा त्याच्या अंगावर दगड रचून त्याला मारलं. कुणी म्हणेल, चेटकिणी नव्हत्या, कम्युनिस्ट तर होते ना? होते. पण समितीला आधीच ठाऊक असलेली नावं साक्षीदाराच्या तोंडून पुन्हा वदवून घेतली जात. तिथे माहिती नको असते, माणूस वाकलेला हवा असतो.

मी हे नाटक बसवलं तेव्हा पंचवटीतल्या एका शाळेच्या वर्गात तालमी चालायच्या. एका संध्याकाळी प्रत्येकाला कागद दिला : खोटं कारण सांगून दांडी मारणाऱ्या एकाचं नाव लिहा, नाहीतर भूमिका जाईल. सगळ्यांनी माना खाली घालून लिहिलं. एक मुलगी तेवढी पेनाचं टोपण काढत-लावत बसून राहिली, कागद कोराच. चिठ्ठ्या न उघडता मी सगळ्यांदेखत फाडल्या. तरी नंतर चहाला कुणी कुणाकडे बघेना. हा खेळ मी पुन्हा केला नाही, तुम्हीही करू नका. पण त्या दिवसानंतर न्यायालयाचा प्रवेश बदलला, कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

संदर्भ प्रयोगाच्या पत्रिकेत छापा. नाटकात आरोप करणाऱ्या मुलींची म्होरकी असलेली अ‍ॅबिगेल प्रत्यक्षात ११-१२ वर्षांची, मिलरने तिला १७ ची केली, हेही लिहा.

जमलं तर प्रयोगाला कालिदास कलामंदिराऐवजी साईखेडकर नाट्यगृह घ्या, ते लहान आहे. नाटकाचा नायक प्रॉक्टर कबुलीवर सही करतो आणि ती चर्चच्या दारावर लावणार म्हटल्यावर कागद फाडतो, तेव्हा मागे काळा पडदा आणि संगीत अजिबात नको. त्याच्या हातात पिसाची लेखणी द्या, कागद जाड, खरखरीत घ्या. सही करताना लेखणी करकरते, ती शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायला हवी.