नवरीचे फोटो दाखवताना

वाईजवळच्या मेणवली घाटावर तू काढलेले नवरीचे फोटो पाहिले. फोटो दाखवून इतर फोटोग्राफर्सना नुसतं "कसा वाटला?" विचारलंस तर "एक नंबर!" एवढंच ऐकशील. नेमकं विचार: नथीची सावली ओठावर पडलीय, ती खटकते का? एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र एवढं मोठं उघडल्यावर, नवरीची नथ शार्प आलीय आणि डोळे सॉफ्ट, म्हणजे धूसर. एवढ्या जवळून छिद्र लहान कर, २.८ किंवा ४ वर जा, फोकस कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर ठेव. भर उन्हात पैठणीची जरीची नक्षी पांढरीफटक झालीय, ती एडिटिंगमध्ये परत येत नाही. हळदीचा पिवळेपणा मात्र सगळा घालवू नकोस बाबा.

दुसऱ्याच्या फोटोवर बोलताना मुलीच्या रंगा-अंगावर एक शब्द नाही. उजेडावर, अँगलवर बोल. आणि कुणी चूक दाखवली की लगेच "क्लायंटला आवडलं" म्हणू नकोस. मुंडावळ्या वाकड्या आहेत हे क्लायंटला अल्बम हातात आल्यावरच दिसतं.